काउंटर काढताना: तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान नव्याने मांडायचं तर

"तूरडाळ दाखवा" म्हटलं की आमचे आजोबा पोत्यातून मूठभर डाळ काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचे. बाई ती अंगठ्याने पसरायची, हात उजेडाकडे नेऊन बघायची, एखादा दाणा दाताखाली धरायची आणि मगच म्हणायची, "बांधा दोन किलो." तेवढ्या अर्ध्या मिनिटात घरी कोण आजारी आहे, पाऊस झाला का, पोराचा निकाल कधी, हेही बोलून व्हायचं.

दहा-अकरा वर्षांपूर्वी आम्ही ते दुकान 'सेल्फ सर्व्हिस' केलं. काउंटर काढला, मधोमध सात फुटी लोखंडी रॅक उभे केले, सगळी डाळ-कडधान्यं एक-एक किलोच्या पिशव्यांत बंद केली, वर पांढऱ्याफेक ट्यूब लावल्या. शहरातल्या मोठ्या दुकानासारखं दिसू लागलं आणि आम्हाला ते आवडलंही. पुढच्याच आठवड्यात एक मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. तीस वर्षं आमच्याकडे माल भरणाऱ्या. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. म्हणाल्या, "आत येऊ का रे?"

तो प्रश्न मी आजही विसरलेलो नाही. काउंटर होता तेव्हा त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं. पुढच्या तीन महिन्यांत आम्ही मधले रॅक कापून साडेचार फुटांवर आणले, डाळी पुन्हा सुट्या केल्या, दिवे बदलले. त्यातून शिकलो, मग ओळखीतले दुकानदार बोलावू लागले आणि हळूहळू दुकानांची मांडणी करून देणं हाच माझा व्यवसाय झाला. सातारा, सांगली, सोलापूर भागातल्या लहान दुकानांत जे करून पाहिलं, त्यातलं जे टिकलं ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणासाठी रस्त्याला तोंड असलेलं, १८ फूट रुंद आणि ३२ फूट खोल दुकान धरू. तालुक्याच्या बाजारपेठेत असे गाळे बरेच दिसतात.

आधी वारं कुठून वाहतंय ते बघू

गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून माल उचलावा ही कल्पना १९१६ सालची. अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं आणि तिथे पहिल्यांदा लोकांच्या हातात टोपली दिली. त्याआधी तिकडेही आपल्यासारखाच काउंटर होता आणि यादी सांगावी लागायची. आपल्याकडे ही पद्धत घराघरांत ओळखीची केली ती डीमार्टने. त्यांचं पहिलं दुकान २००२ साली पवईत सुरू झालं.

आता दोन उलट दिशांचे प्रवाह एकाच वेळी चालू आहेत. एकीकडे झेप्टो, ब्लिंकिट, इन्स्टामार्ट, म्हणजे मोबाइलवर मागवलं की काही मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्या. त्यांची गोदामं वस्तीच्या मधोमध असतात, पण तिथे गिऱ्हाईक पाऊलच टाकत नाही. तिथली मांडणी माल भरणाऱ्या पोराचे पाय वाचवण्यासाठी केलेली असते. दुसरीकडे मोठ्या ब्रँडची दुकानं जास्त मोकळी होत चालली आहेत: माल कमी, जागा जास्त, हात लावून बघायची मुभा. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) एप्रिल २०२३ मध्ये ॲपलचं दुकान उघडलं. तिथे गल्ला म्हणून वेगळी जागा नाही. ज्याच्याशी बोलताय तोच कर्मचारी हातातल्या यंत्रावर बिल करतो.

आपण या दोन्हींच्या मध्ये आहोत. वेगात आपण त्या गोदामांशी लढू शकत नाही. पण डाळ तळहातावर घेऊन बघता येणं, गुळाचा खडा चाखता येणं, "यंदाची बेडगी कशी आहे?" याला खरं उत्तर मिळणं, हे मोबाइलवर मिळत नाही. म्हणून नवी मांडणी करताना पैसा आणि जागा सगळ्यात आधी या गोष्टींसाठी राखून ठेवायची. खालची प्रत्येक पायरी मी याच मोजपट्टीने ठरवतो.

पहिली पायरी: सुताराला बोलावण्याआधी १५ दिवस

सुतार किंवा रॅकवाला आला की तो मापं घेतो आणि भिंती भरून टाकतो. त्याचं कामच ते. म्हणून त्याच्याआधी दोन गोष्टी करा.

एक, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून आपलं दुकान बघा. सकाळी आठला, दुपारी बाराला, संध्याकाळी साडेसहाला, बाजाराच्या दिवशी एकदा. कोण चालत येतं, कोण गाडीवरून न उतरता हाक मारतं, कोण पायरीपाशी घुटमळून पुढे जातं. एका दुकानात आम्हाला असं दिसलं की संध्याकाळी येणारं निम्मं गिऱ्हाईक दुचाकीवरून उतरतच नाही, कारण दारासमोर गाडी लावायला जागा नाही. कोल्ड्रिंकचा फ्रीज आणि रिकाम्या क्रेटनी ती अडवलेली. फ्रीज चार फूट आत घेतला. त्या दुकानातला सगळ्यात मोठा बदल तोच ठरला आणि त्याला एक रुपया लागला नाही.

दोन, गल्ल्याजवळ एक शंभर पानी वही ठेवा आणि तिला 'आहे का?' वही म्हणा. कुणी विचारलेली आणि आपल्याकडे नसलेली प्रत्येक वस्तू तीत लिहायची. नाचणीचं पीठ, बिनसाखरेची बिस्किटं, लहान मुलांचे डायपर, मांजराचं खाणं, काय वाट्टेल ते. १५ दिवसांत गाव कसं बदललंय ते त्या पानांवर दिसतं. दुसऱ्या बाजूला सहा महिन्यांत न हललेल्या मालाची यादी करा. प्रत्येक जुन्या दुकानात अशा एक-दोन फळ्या असतात. तो माल परत करा, कमी भावात काढा, पण नव्या फळीवर चढवू नका.

दुसरी पायरी: जमिनीवर खडू

नकाशा कागदावर काढला की सगळं बसतं. जमिनीवर काढला की खरं कळतं. रविवारी दुपारी दुकान बंद करा, खडूने रॅकच्या जागा आखा, त्या रेषांवर बिस्किटांची, साबणाची रिकामी खोकी रचा आणि घरातल्या बायकांना पिशव्या घेऊन फिरायला सांगा. दोघी समोरासमोर आल्या की वाट द्यावी लागते का? खाली वाकलं की मागच्याचा धक्का लागतो का? धक्का लागण्याची भीती असेल तिथे बाई वाकून खालच्या फळीवरचं बघत नाही. तिथला माल पडून राहतो आणि आपल्याला वाटतं की त्याला खपच नाही.

आपल्या १८ फुटांचा हिशोब मांडू. दोन्ही भिंतींना १६ इंची फळ्या लावल्या तर त्यांचे मिळून पावणेतीन फूट जातात. उरले सव्वापंधरा. मधला दोन्ही बाजूंनी माल लावायचा रॅक साधारण ३ फुटांचा. रॅकवाला सांगेल, दोन ओळी बसतात. बसतात, पण मग तीन गल्ल्या होतात आणि प्रत्येकीला जेमतेम ३ फूट मिळतात. एकच ओळ घेतली तर दोन्ही बाजूंना ६-६ फूट मोकळे राहतात. मी दर वेळी एकच ओळ घ्यायला सांगतो. सहा फुटांच्या एका गल्लीत भिंतीकडेच्या फळ्या काढून तिथे २ फूट खोल सुट्या मालाचा ओटा करता येतो आणि तरीही ५ फुटांहून जास्त वाट उरते. माल कमी बसेल या भीतीने दुकानदाराचा चेहरा इथे उतरतो. त्यावर उपाय मागच्या भिंतीला: शेवटचे ६ फूट आडोसा करून गोदाम ठेवा आणि फळीवर प्रत्येक वस्तूचे पाच-सहा नगच लावा, संपले की भरा.

दारातून आत आल्यावरचे पहिले चार-पाच फूट मोकळे सोडा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतल्या उजेडाची सवय व्हायला वेळ लागतो, पाय पुसायचे असतात, छत्री मिटायची असते, पदर सावरायचा असतो. तिथे लावलेल्या मालाकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिथे फक्त टोपल्या ठेवा, त्याही कमरेच्या उंचीवर, जमिनीवर रचून नकोत.

आता पायरी. बाजारपेठेतल्या जुन्या गाळ्यांना रस्त्यापासून सहा ते नऊ इंचांची चढण असतेच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, बाबागाडीला, चाकाच्या खुर्चीला ती अडते. उताराचं प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे ६ इंच चढायला ६ फुटांचा उतार हवा. एवढा उतार रस्त्यावर काढता येत नाही, नगरपालिका काढूही देणार नाही. म्हणून तो दुकानाच्या तोंडाला समांतर, भिंतीकडेने वळवून घ्यायचा, किंवा शटरच्या आत घ्यायचा. जागाच नसेल तर निदान पायरीशेजारी भिंतीत एक भक्कम आडवा दांडा बसवा. त्या दांड्याला धरून वर येणारी म्हातारी माणसं मी रोज बघतो.

तिसरी पायरी: फळ्यांची उंची

मधला रॅक साडेचार फुटांच्या वर नको. त्यावरून पलीकडचं माणूस दिसलं पाहिजे. गल्ल्यावर बसलेल्याला दुकान दिसतं, गिऱ्हाइकाला गल्ल्यावरचा माणूस दिसतो, आणि "साबुदाणा कुठंय?" हे ओरडून न विचारता नुसतं बघून विचारता येतं. चोरी कमी व्हायलाही याचा कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

भिंतीकडे फळ्या सात फुटांपर्यंत न्या, पण सहा फुटांच्या वर फक्त साठ्याची खोकी ठेवा. आपल्या बहुतेक बायकांचा हात तिथवर सहज पोचत नाही, आणि जे काढून द्यायला कुणाला तरी बोलवावं लागतं ते विकत घ्यायचं राहून जातं. कमरेपासून डोळ्यांपर्यंतची पट्टी सगळ्यात मोलाची. तिथे काय ठेवायचं हे कंपनीच्या सेल्समनने ठरवू नये, तुम्ही ठरवा. पाच किलोचा आटा, दहा किलोचा तांदूळ, तेलाचा डबा गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. अगदी जमिनीलगत ठेवलं तर उचलताना कंबर धरते, वर ठेवलं तर पायावर पडायची भीती. सगळ्यात खालची फळीही जमिनीपासून सहा इंच वर हवी, म्हणजे झाडू आणि पोछा आत जातो आणि उंदराला लपायला जागा उरत नाही.

चौथी पायरी: माल स्वयंपाकघराच्या क्रमाने

बहुतेक दुकानांत माल कंपनीप्रमाणे लागलेला असतो, कारण तो कंपनीप्रमाणे येतो. घरातली बाई मात्र पदार्थाप्रमाणे विचार करते. तिच्या डोक्यात "उपासाचं" असा एकच कप्पा असतो: साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, शेंगदाणे, सैंधव. हे सगळं एकाच तीन फुटी फळीवर लावा आणि वर 'उपास' एवढाच शब्द लिहा. एकादशीच्या आदल्या दिवशी बघा. तसंच पोह्यांजवळ शेंगदाणे आणि डाळं, शेवयांजवळ वेलची, चारोळी आणि बेदाणे, चहाजवळ साखर, गवती चहा, सुंठ आणि खारी.

दाराच्या मोकळ्या जागेनंतर लगेच एक चाकांचं टेबल ठेवा. साधं, ४ बाय अडीच फुटांचं. हे सणाचं टेबल. संक्रांतीला तीळ, चिकीचा गूळ, हलवा. एप्रिल-मेमध्ये बेडगी, लवंगी, धणे, दगडफूल, म्हणजे वर्षाच्या मसाल्याचं सगळं, शेजारी प्रमाणाचा कागद. श्रावणात पूजेचं आणि उपासाचं. दिवाळीआधी तीन आठवडे पोहे, रवा, मैदा, भाजणीचं साहित्य. मोठ्या साखळी दुकानांचा सणाचा माल कुठल्यातरी मुख्य कार्यालयात ठरतो. आपल्या गावच्या जत्रेला काय लागतं हे तुम्हालाच माहीत असतं. त्या आठवड्यात टेबलावर नारळ, खोबऱ्याची वाटी, भंडारा, कापूर आलाच पाहिजे.

काय कशापासून लांब ठेवायचं हेही तितकंच महत्त्वाचं. चहा आणि रवा-मैदा शेजारचा वास ओढून घेतात. अगरबत्ती, साबण, फिनेल, डासांच्या कॉइल यांच्यापासून ते दुसऱ्या भिंतीला हवेत. हिंग तर झाकणाच्या डब्यातच.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मी आग्रही आहे. सॅनिटरी पॅड गल्ल्यामागच्या फळीवर ठेवू नका. मुलीला ते मागावं लागतं, मग दुकानातला पोरगा ते काळ्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, आणि तेवढा वेळ ती खाली मान घालून उभी राहते. ते साबण-शांपूच्या शेजारी, उघड्या फळीवर, हाताला येईल असे लावा. तिने उचलावं, इतर सामानासोबत टोपलीत टाकावं, संपलं.

पाचवी पायरी: सुट्या मालाचा ओटा

दुकानाचा जीव इथे आहे, म्हणून यावर जास्त वेळ द्या. भिंतीकडेने १० ते १२ फूट लांब, २ फूट खोल, अडीच फूट उंच ओटा. त्यावर पुढून काच आणि वरून कलतं झाकण असलेले स्टीलचे डबे, प्रत्येकात १५ ते २० किलो माल बसेल एवढे. पोतं मागे गोदामात. डबा लहान ठेवायचं कारण असं, की तो आठवड्यात एकदा पूर्ण रिकामा होतो, पुसून कोरडा करता येतो आणि तळाशी जुना माल साचत नाही. अर्धा रिकामा डबा वरून भरायची सवय मोडा. किडीची सुरुवात तिथेच होते.

हल्ली उभे पारदर्शक नळकांडीसारखे डबे मिळतात, खालची कळ दाबली की माल पिशवीत पडतो. मूग, मसूर, चणे, तांदूळ यांना ते छान चालतात. पोहे चुरतात, रवा आणि पिठं अडकतात, गुळाचा प्रश्नच नाही. शिवाय त्यात गिऱ्हाइकाला हात घालून बघता येत नाही. म्हणून अशा डब्यांच्या खाली एक उघडी वाटी ठेवा, रोज सकाळी ताजा नमुना घातलेली. बाईने तो तळहातावर घ्यावा, बघावा, परत टाकू नये; त्यासाठी शेजारी छोटा डबा. त्यात जमलेलं धान्य संध्याकाळी चिमण्या-कबुतरांना जातं.

प्रत्येक डब्यावर चार गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहा: नाव, कुठला माल, किलोचा भाव, पाव किलोचा भाव. "लातूरची तूर", "वाडा कोलम", "आजऱ्याचा घनसाळ", "कोल्हापुरी गूळ". गावाचं नाव लिहायचं तर माल खरोखर तिथलाच हवा, हे मी प्रत्येक दुकानदाराला दोनदा सांगतो. पाव किलोचा भाव लिहिल्याने काय होतं? रोजंदारीवर जाणारा माणूस पाव किलोच घेतो आणि त्याला मनात भागाकार करत, ओशाळत विचारावं लागत नाही.

काटा असा ठेवा की आकडे गिऱ्हाइकाकडेही दिसतील. दोन्हीकडे आकडे दाखवणारा काटाच घ्या आणि वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्या. ते प्रमाणपत्र खणात ठेवू नका, काट्याच्या वर भिंतीला लावा. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा घरून डबे-बरण्या आणणाऱ्यांना प्रोत्साहन द्या: आधी रिकाम्या डब्याचं वजन काट्यावरून वजा करायचं, ते त्यांच्यासमोर. आमच्या दुकानात ज्यांनी एकदा डबा आणला त्यातले बरेच पुन्हा डबाच आणतात, कारण घरी जाऊन पुन्हा ओतण्याचं काम वाचतं.

दोन खबरदाऱ्या. खडे मसाले सुटे ठेवा, दळलेले मसाले पॅकबंदच विका. आणि गर्दीच्या दिवसांसाठी तुम्ही आधीच किलो-किलोच्या पुड्या भरून ठेवत असाल, तर प्रत्येकीवर नाव, निव्वळ वजन, भरल्याची तारीख, किंमत आणि तुमच्या दुकानाचं नाव-पत्ता असलंच पाहिजे. एक छोटा लेबल छापायचा प्रिंटर यासाठी घ्या. पुढे बारकोडलाही तोच चालतो.

सहावी पायरी: दिवे

दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक केल्व्हिनचा: ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे साधा पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. दुसरा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा. तो १०० च्या जितका जवळ तितका चांगला. गावातल्या विजेच्या दुकानात न विचारता मिळतो तो ६५०० चा. त्याखाली गूळ काळपट दिसतो, तूरडाळ फिकट पडते, मिरचीचा लाल रंग मरतो. मालात काही खोट नसते, दिव्याची खोट असते.

मूठभर तूर, गुळाचा खडा आणि दोन बेडगी मिरच्या कागदात बांधून विजेच्या दुकानात न्या. प्रत्येक दिव्याखाली धरून बघा. डोळेच सांगतील. मी सगळीकडे ४००० केल्व्हिन आणि सीआरआय ९० च्या वर घेतो; सुट्या मालाच्या ओट्यावर मात्र ३०००. दिवे वाटेच्या मधोमध लावले तर उजेड फरशीवर आणि माणसाच्या डोक्यावर पडतो, आणि फळीवर त्याचीच सावली. म्हणून दिव्यांची ओळ फळीपासून दीड-दोन फुटांवर, प्रकाश मालाकडे तिरपा. खोटं छत करायला जो पैसा काढून ठेवलाय तो इथे घाला. छताकडे कुणी बघत नाही, आणि त्याच्या आत उंदीर होतात.

दुकान पश्चिमेला तोंड करून असेल तर दुपारचं ऊन किती आत येतं ते खडूने फरशीवर आखून ठेवा. त्या रेषेच्या आत तेल, चॉकलेट, लोणची नकोत.

सातवी पायरी: पाटी आणि अक्षरं

बाहेरची पाटी मराठीत, देवनागरीत आणि इतर कुठल्याही भाषेपेक्षा लहान अक्षरांत नसलेली, हा २०२२ च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच दुकानांना लागू असलेला नियम आहे. पण मला सांगायचंय ते आतल्या पाट्यांबद्दल. अनेक दुकानदार हजारो रुपये घालून आत इंग्रजी पाट्या लावतात, "स्टेपल्स", "पर्सनल केअर". कुणासाठी? 'डाळी-कडधान्य', 'अंघोळीचं', 'भांडी-कपडे', 'बाळाचं' लिहा. अक्षर दोन बोटं उंच, गडद, फिकट पार्श्वभूमीवर. दहा फुटांवरून साठीच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता आलं तरच ते चालेल. भावाची चिठ्ठी प्रत्येक वस्तूखाली. भाव न दिसणाऱ्या वस्तूला हात लावायला माणूस कचरतो, विशेषतः खिशात मोजके पैसे असतील तेव्हा.

आठवी पायरी: गल्ला

गल्ला दाराजवळ, पण दार अडवणारा नको. गिऱ्हाइकाला पिशवी टेकवायला एक फळी, ३ फूट उंचीची. तिचाच एक भाग अडीच फुटांवर उतरवा, म्हणजे बसून बिल करणाऱ्यालाही चालेल. क्यूआर कोड दोन ठिकाणी लावा, एक गल्ल्यावर आणि एक रांगेच्या सुरुवातीला, आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवा. मोबाइल पुढे करून "आले का बघा" असं दाखवत उभं राहावं लागणं संपतं.

बारकोडचं यंत्र घ्यायला घाबरू नका. बहुतेक भारतीय कंपन्यांच्या पाकिटांवर ८९० ने सुरू होणारा बारकोड आधीच छापलेला असतो. तुम्हाला फक्त भाव आणि साठा भरायचा असतो. सुट्या मालाला तुमचे दोन आकडी क्रमांक द्या, तूर ११, मूग १२, आणि ते डब्यावरही लिहा.

आता यादी आणि उधारी. हे दोन्ही बंद केलेली नवी दुकानं मी बघितली आहेत, आणि त्यांचं जुनं गिऱ्हाईक हळूहळू तुटताना बघितलं आहे. यादी व्हॉट्सॲपवर येऊ द्या, कागदावर येऊ द्या, फोनवर सांगू द्या. गल्ल्यामागे चार कप्प्यांची एक फळी फक्त भरून ठेवलेल्या पिशव्यांसाठी ठेवा, वर नावाची चिठ्ठी. ज्यांना आत फिरायचंय ते फिरतील. ज्यांना फिरायचं नाही त्यांनी दारात उभं राहून पिशवी घ्यावी. उधारीची वही मोबाइलवर नेली तरी हिशोब दर महिन्याला कागदावर छापून हातात द्या, आणि तो रांगेत सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका.

गल्ल्यासमोर, भिंतीकडेला, ४ फुटांचं बाकडं आणि शेजारी पाण्याचा माठ. तेवढ्या जागेत महिन्याला किती माल विकला असता याचा हिशोब मला अनेकांनी करून दाखवला आहे. तरी मी बाकडं काढत नाही. सून आत माल घेत असते तेव्हा सासूबाई तिथे बसतात, आणि सून घाई करत नाही.

नववी पायरी: दुकान बंद न करता

पूर्ण दुकान महिनाभर बंद ठेवलं की गिऱ्हाइकाचे पाय दुसरीकडे वळतात. आषाढात खप मंद असतो, तेव्हा सुरू करा आणि गौरी-गणपतीआधी संपवा. एका वेळी एकच भिंत: आधी दिवे आणि वायरिंग, मग पायरी-उतार, मग डावी भिंत, मग सुट्या मालाचा ओटा, मग मधला रॅक. काउंटर सगळ्यात शेवटी, आणि तोही आधी अर्धाच. उरलेल्या अर्ध्यामागे पंधरा-वीस दिवस नेहमीचं माणूस उभं राहू द्या. वायरिंग झालं की दाराजवळ आग विझवायचं नळकांडं लावा आणि ते कसं वापरायचं हे नोकराकडून एकदा करून घ्या.

त्या दिवसांत दुकानातल्या पोरांना एकच काम शिकवा. नवीन माणूस किंवा गोंधळलेलं जुनं माणूस दिसलं की बोट दाखवून "तिकडे आहे" म्हणायचं नाही. सोबत चालत जायचं. आणि मागे मागे फिरायचंही नाही. विचारल्यावर जायचं, दाखवून बाजूला व्हायचं. या दोन्हींतलं अंतर पोरांना कळायला साधारण महिना लागतो, तो त्यांना द्या.

दुकान पूर्ण लागलं की 'आहे का?' वही पुन्हा उघडा. आता तीत दुसरा रकाना करा: वस्तू दुकानात असूनही कुणी "आहे का?" विचारलं, तर तीही लिहायची. ती चुकीच्या जागी आहे. दर शनिवारी रात्री त्या रकान्यातली पहिली तीन नावं बघा आणि रविवारी दुपारी त्यांची जागा बदला. आमच्या दुकानात हिंगाची जागा चार वेळा बदलली. शेवटी ती डाळींच्या ओट्याच्या टोकाला, फोडणीच्या मोहरी-जिऱ्याशेजारी गेली, आणि वहीत हिंगाचं नाव पुन्हा आलं नाही.

त्या मावशी अजून येतात. दांड्याला धरून पायरी चढतात, आत येऊन सरळ ओट्याकडे जातात आणि वाटीतली तूर तळहातावर घेतात.